पंख्याचा हिस्सा

"कोट जरा तिरका टांग. सरांनी कधी नीट टांगला होता का?"

ताईनं कोट तिरका केला. सर जाऊन महिना होत आला होता आणि आम्ही दोघं त्यांना खुर्चीत बसवत होतो. पाठीला कोट, टेबलावर चष्मा, शेजारी वाफाळता चहा. मी इथला वायरमन. भुताच्या सोंगात माझा हात धरणारा या विद्यापीठात कुणी नाही. एकदा अकाउंटवाल्यांच्या कपाटात बसून नुसता खोकलो, तर दोन दिवस ते कपाट कुणी उघडलं नाही!

"दादा, पकडले गेलो तर?"

"सर बाहेर गेलेत म्हणायचं. खोटंय का? बाहेरच गेलेत."

ताई हसली नाही. ती सरांची मदतनीस. कोपऱ्यातल्या फ्रीजरमध्ये सरांचे शेवटचे नमुने होते. तेवढे तपासले की सरांचं इतक्या वर्षांचं काम पुरं होणार होतं, आणि त्यासाठी तिला पंधरा दिवस हवे होते. पण संशोधन सरकारचं, म्हणून खोलीच्या विजेच्या, झाडलोटीच्या खर्चाचा हिस्सा सरकार विद्यापीठाला परत देतं. सर गेल्यावर ऑफिसनं परस्पर ठरवून टाकलं: सरकारी माणसानं खोली रिकामी म्हटली की हिस्सा बंद, आणि त्याच संध्याकाळी फ्रीजर बंद. बंद करणार कोण? मीच.

या सरकारी माणसाला आम्ही फूटपट्टी म्हणायचो. हिस्सा ठरवायला दरवर्षी टेप घेऊन खोल्या मोजायचा आणि इथं येऊन अडायचा.

"मायक्रोस्कोपचे पैसे दिले. आता पंख्याचेही सरकारनंच द्यायचे?"

सर वाद घालत नसत. उठून व्हरांड्यातल्या बोर्डावर पंखा बंद करून येत. फूटपट्टीची कॉलर भिजली की म्हणत, "हं, आता करा विज्ञान." मग तो हसत हसत पंख्याचा हिस्सा लिहायचा.

आज तो आला. ताईनं पाठ केलेलं वाक्य म्हटलं.

"थांबतो मी," म्हणाला आणि सरांच्या समोर बसला.

मेलो! ताई फ्रीजरकडे तोंड करून उभी राहिली. मी व्हरांड्यात सटकलो. दार अर्धं उघडं होतं. चहाची वाफ विरली तरी फूटपट्टीचा टेप खिशातून निघेना. मग तो कोटाकडे बघून हळूच म्हणाला, "मग? यंदा पंख्याचं काय करायचं?"

आणि उत्तराची वाट बघत राहिला. खरंच बघत राहिला.

माझा हात बोर्डावर कधी गेला, कळलं नाही. गंमत म्हणून नाही. कुणीतरी उत्तर द्यायला हवं होतं.

खट्.

पंखा थांबला. कोटाची हलणारी बाही लटकली. फूटपट्टीनं वर पाहिलं, रुमाल काढला, आधी कपाळ पुसलं, मग डोळे.

"बरं बाबा, लिहितो." मग ताईकडे न बघता, "किती दिवस लागतील?"

"पंधरा," ताई पुटपुटली.

बाहेर येऊन तो माझ्यापाशी थांबला. "सरांना पोचवायला मीही आलो होतो. मागे उभा होतो."

मी बोर्डावरचा हात खाली घेतला.

"मुलगी आत काम करतेय ना? मग खोली चालूच आहे. सरळ सांगायचं की!" दोन पावलं गेला आणि वळला. "पंखा लावा. उकडत असेल तिला."

ताईनं शेवटचा नमुना तपासला त्या संध्याकाळी फ्रीजर मीच बंद केला. त्याची घरघर कानाला इतकी सवयीची झाली होती, की ती आहे हेच विसरलो होतो. थांबली, तेव्हा बोलता बोलता कुणी गप्प व्हावं तसं झालं. जन्मभर लोकांना घाबरवणारा मी, माझ्याच अंगावर काटा आला.

"कोट सरांच्या घरी द्यायचाय," ताई म्हणाली.

"मग काढ."

"तुम्ही काढा ना, दादा."

कुणीच हात लावला नाही. ती गेल्यावर मी दिवा घालवला. पंख्याच्या बटणावर बोट ठेवलं, आणि तसंच उचललं. आत अंधारात कोटाची बाही हलत होती.

"येतो सर," म्हणालो, आणि दार आवाज न करता ओढून घेतलं.