झिपरूचा शेवटचा भाग

तेजस्विनीचं अर्धं आयुष्य टेबलाखाली गेलं होतं. नाशिकच्या एका लोकल केबल चॅनेलवर रोज संध्याकाळी झिपरू नावाचं कापडी अस्वल मुलांशी फोनवर थेट गप्पा मारायचं. त्या झिपरूच्या आत हात तिचा, आवाज तिचा, आणि कार्यक्रमाची निर्माती, लेखिकाही तीच. आज शेवटचा भाग होता. मालक रावजीशेठ सकाळीच म्हणाले होते, "मॅडम, पोरं मोबाइलवर गेली. आता तुमचं अस्वल बघतंय कोण? भिंती?" शेवटी मुलांचा निरोप घ्यायचा होता, आणि तिला ते कसं जमणार, देव जाणे.

कार्यक्रम सुरू झाला, तेवढ्यात फोन आला.

"झिपरू," एक पोरगा दबक्या आवाजात म्हणाला, "आजी पडली. उठत नाय."

तेजस्विनीने झिपरूचा घोगरा आवाज सोडला नाही. "नाव काय तुझं, दोस्ता? आजीचं पोट हलतंय का बघ."

"सनी. हलतंय. पण डोक्यातून रक्त येतंय."

"दार उघड, शेजाऱ्यांना हाक मार."

"कडी वर हाय. हात पुरत नाय."

मम्मी-पप्पा कामावर. गेल्याच आठवड्यात ही मंडळी मनमाडहून आलेली, त्यामुळे पत्ता त्या पोराला कुठून ठाऊक असणार? खिडकीतून पाण्याची टाकी दिसते आणि मारुतीचं देऊळ, एवढंच त्याला सांगता आलं. नाशकात टाक्यांना आणि मारुतींना काय तोटा!

कॅमेरामन संतोषने कागदावर लिहून दाखवलं: पोलिसांना कळवलंय, नंबरावरून शोधतायत, वेळ लागेल. कंट्रोल रूमच्या काचेपलीकडे रावजीशेठ हातवारे करत होते. जाहिरात लावा!

"फोन तोडलात तर याद राखा!" ती ओरडली, आणि घाईत तेही झिपरूच्याच आवाजात.

सनी रडायला लागला. "झिपरू, तू जाशील का?"

"नाही जाणार. उद्यापण येणार." शब्द तोंडातून निसटला, आणि मग तिला आठवलं की उद्या नाहीच आहे.

पण रडत बसायला वेळ नव्हता. तिने झिपरूचं तोंड कॅमेऱ्याकडे फिरवलं. "बघणाऱ्या पोरांनो! ज्यांच्या घराजवळ टाकी आहे आणि मारुतीचं देऊळ आहे, त्यांनी आत्ता गॅलरीत जा आणि माझ्या नावाने बोंब ठोका. घरातल्या मोठ्यांनाही ओढून न्या. सनी, तू फोन खिडकीत धर."

फोनवर नुसती खरखर. रावजीशेठच्या त्या भिंती तिच्या डोळ्यांपुढे आल्या.

मग कुठूनतरी लांबून एक बारीक आवाज आला. "झिपरूऽऽ!"

पाठोपाठ दुसरा. मग खालून, वरून, पलीकडच्या इमारतीतून. कुणीतरी ताट बडवत होतं.

"ओरड, सनी! इथे आहे म्हणून ओरड!"

सनी जीव खाऊन ओरडला. "तिसऱ्या मजल्यावर आहे!" खालून एक पुरुष गरजला. जिन्यात पावलं धडधडली, दारावर धक्के बसले, लाकूड मोडलं. मग एका बाईचा आवाज आला, "आजींनी डोळे उघडले. रिक्षा बोलवा, लवकर!"

तेजस्विनीला रडू फुटलं, आणि ती मनसोक्त रडली. टेबलाखाली कोण बघतंय! संतोषने घड्याळ दाखवलं. निरोप तेवढा राहिला होता.

फोन मात्र अजून चालूच होता. "झिपरू," सनीने विचारलं, "उद्या येशील ना?" त्याच्यामागे गॅलऱ्यांमधली पोरं अजून ओरडत होती.

तिने नाक पुसलं. सगळं नाशिक ऐकत असताना तिने अस्वलाचं तोंड हळूच काचेकडे वळवलं.

"रावजीशेठ," झिपरू म्हणाला, "पोरगं विचारतंय. तुम्हीच सांगा."