माशाला नणंद नसते

मी माशांची वयं मोजते. माशाच्या कानात इवलासा खडा असतो, त्यावर झाडाच्या खोडासारखं दरवर्षी एक वलय उमटतं. मासा कधी वाढला, कधी अंड्यांपायी खंगला, सगळं त्यात दिसतं. कुठल्याही जिवाकडे शक्ती बेताचीच; वाढ, डागडुजी आणि पिल्लं यांत ती वाटावी लागते. एकाला जास्त दिली की दुसऱ्याच्या तोंडचा घास जातो.

दुसरं मूल हवं की नको, हा प्रश्न घरात वर्षभर पडून होता. मी अडतीस वर्षांची, लेक सहाची, आणि डॉक्टरीणबाईंनी बजावलेलं, काय ते यंदाच ठरवा. मला मूल हवं होतं. पण पहिल्या बाळंतपणानंतरचं वर्ष आठवलं की मी विषय पुढे ढकलायचे. शेवटी रविवारी प्रयोगशाळेतला, शक्तीची वाटणी मांडायचा कोरा तक्ता घरी आणला आणि माशाच्या जागी स्वतःला भरलं. झोप, नोकरी, गुडघे, लेक. तीनदा मांडलं, तीनदा उत्तर आलं, नको. नवऱ्याला सांगितलं. तो "बरं" म्हणाला आणि उगाच भांडी घासायला गेला.

तेवढ्यात नणंद आल्या. इस्पितळातून गेल्याच महिन्यात निवृत्त झालेल्या नर्स. पाठीमागे आम्ही त्यांना फौजदार म्हणतो. त्यांनी चष्मा लावून तक्ता वाचला.

"यात मी कुठे आहे?"

"तुम्ही कशाला असाल, ताई? तक्ता माशांचा आहे. आमचे मासे अंडी घालतात आणि निघून जातात."

"म्हणजे माशाला नणंद नसते."

"नसते."

"मग त्याचं गणित तुला कशाला? आई कामावर जायची तेव्हा तुझा नवरा कुणाच्या कडेवर असायचा? मी अकरा वर्षांची होते."

काही जीव पिल्लं एकट्याने वाढवत नाहीत, माणूस त्यातलाच, हे मीच नवशिक्यांना दरवर्षी शिकवते. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

ताईंनी पेन्सिल घेऊन नवा रकाना आखला. सोमवार ते शुक्रवार, आठ ते पाच. "शनिवारी मला माझी कामं असतात," त्या म्हणाल्या.

मी पुन्हा काही मांडलंच नाही. इतकं हलकं वाटलं की रडूच आलं. आतला भांड्यांचा आवाज कधीचाच थांबला होता. नवरा दारात उभा, हात साबणाने भरलेले.

"शनिवारी मी आहे," तो म्हणाला.