गोठ्यात लपवलेला नातू

लहान मुलांना तपासणारी बाई आज घरी येणार म्हटल्यावर आजीचं सकाळपासून कामात लक्ष नव्हतं. नातू चार वर्षांचा झाला तरी दोन शब्दांपलीकडं जात नव्हता. गाव त्याला मौनी म्हणायचं. बाईनं एकदा शिक्का मारला की पोर जन्माचं वेडं ठरणार, हे आजीनं धरूनच ठेवलं होतं. त्यात ही बाई खेळणी घेऊन दारोदार फिरते म्हणे. फुकटची खेळणी कोण कुणाला देतं?

शेजारीण कांदे काढायला गेली होती. तिचा पोरगा आजीकडंच होता, त्याला सगळे पोपट म्हणायचे. मौनीच्याच वयाचा, पण तोंडाचा पट्टा दिवसभर चालू, तोही घसा ताणून. आजीनं मौनीला आजोबांबरोबर गोठ्यात धाडलं आणि पोपटाला ओटीवर बसवलं.

“हा माझा नातू,” तिनं बाईला ठोकून दिलं.

पोपटानं ठोकळे रचले, रंग सांगितले. आजी मनातून खूश. मग बाईनं त्याच्या पाठीमागं जाऊन हळूच हाक मारली, टाळी वाजवली. पोपटानं मान वर केली नाही.

“आजी, याला नीट ऐकू येत नाही. ओठांकडं बघून बोलणं ओळखतो हा. उद्या शाळेत आणा, दवाखान्याची चिठ्ठी देते.”

“खेळायच्या नादात आहे तो,” आजी फणकारली.

बाई गेल्यावर मात्र तिनं पोपटामागं बैलाची घुंगरं खळखळा वाजवली. गोठ्यातून मौनी धावत आला. पोपट ठोकळेच रचत होता. आजीनं घुंगरं खाली ठेवली.

दिवेलागणीला शेजारीण आली. पोपटाला मागून दोन हाका मारल्या आणि हात उगारला. “मुद्दाम ऐकत नाही कार्टं.”

आजीनं तिचा हात धरला. “मारू नको. त्याला ऐकू येत नाही.”

“कुणी सांगितलं?”

“तपासणीच्या बाईनं.”

शेजारणीचे डोळे बारीक झाले. “ती तुमच्या नातवाला बघायला आली होती ना?”

आजीच्या तोंडाशी थाप आली होती. ती तिनं गिळली. “त्याच्या जागी मी याला बसवला.”

शेजारीण पोपटासमोर उकिडवी बसून सकाळी जिथं चापट मारली होती त्या गालावरून हात फिरवत राहिली.

“आणि तुमचा?”

“त्याला अजून कुणी बघितलाच नाही.”

“उद्या दोघांना नेऊ,” शेजारीण उठत म्हणाली. “पण बाईंशी मी बोलणार. तुमचा काही भरवसा नाही.”