दचकणं हाच माझा धंदा

टक्. घाबरू नका, मीच बोलतेय. माझं बोलणं असंच सुरू होतं.

हवेतले, मातीतले, भिंतींतले किरण मोजणारं मी एक लहानसं यंत्र. जेवणाच्या डब्याएवढं अंग, राखाडी रंग, वर एक मूठ आणि समोर आकड्यांची चिमुकली खिडकी. माझ्या पोटात एक नळी आहे. तिच्यातून किरण गेला की मी दचकते आणि ‘टक्’ करते. एका मिनिटात किती वेळा दचकले, तो आकडा खिडकीत उमटतो. चारचौघांत दचकलं की माणसं ओशाळतात, हसून सारवासारव करतात. माझं मात्र दचकणंच वहीत लिहून घेतात.

कारखान्यात माझी जोडणी झाली, तेव्हा एका बाईंनी किरण सोडणारा तपासणीचा नमुना माझ्यासमोर धरला. मी अशी काही किंचाळले की माझी मलाच लाज वाटली. बाई म्हणाल्या, “हं, चांगली आहे.” आणि त्यांनी माझ्या पाठीवर हिरवा कागद चिकटवला. भित्रेपणाबद्दल शाबासकी मिळालेली जगात मी एकटीच असेन.

तिथून मी एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत आले आणि कपाटात पडले. वर्षातून एकदा मला बाहेर काढत. विद्यार्थी मला टेबलावर ठेवून गप्पा मारत आणि आकडे गेल्या वर्षीच्या वहीतून उतरवून घेत. एखादा आकडा रांगेत बसला नाही की म्हणत, “हा फार वेडावाकडा आलाय रे, गाळून टाक.” मला वाईट वाटायचं. मी खरोखर दचकले होते ना!

मग तिथे मदतनीस म्हणून एक तरुणी रुजू झाली. सगळे तिला ताई म्हणत. दार आपटलं तरी ती उडायची. तिने पहिल्याच दिवशी मला फडक्याने पुसलं, सेल बदलले आणि रिकाम्या टेबलावर चालू केलं. टक्... टक्, टक्... मिनिटाला चोवीस.

“समोर काही नसताना?” ती दचकून म्हणाली.

हो, समोर काही नसताना. दगडांतून, विटांतून, आकाशातून थोडे किरण येतच असतात, तुमच्या आजी-आजोबांच्या जन्माआधीपासून. ताईने पुस्तकात शोधलं आणि कपाटाच्या दारावर चिठ्ठी लावली : ‘शून्य कधीच येत नाही. शून्य आलं तर सेल तपासा.’

त्यानंतर दोन वर्षांनी नदीपलीकडच्या अणुवीज केंद्रात अपघात झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी रस्त्यावरून सरकारी कार्यालयाची भोंगा लावलेली गाडी गेली. “नागरिकहो, काळजीचं काहीही कारण नाही. किरणोत्सर्गाचं प्रमाण शून्य आहे!” आवाज मोठा, गोड, ठाम. तो ताईच्या सख्ख्या थोरल्या भावाचा, दादाचा आवाज होता. कार्यालयाने दिलेला कागद गाडीतून वाचायचा, ही त्याची नोकरी. ताईच्या हातातलं फडकं खाली पडलं. “शून्य?” ती पुटपुटली आणि कपाटावरच्या चिठ्ठीकडे बघत राहिली.

तीन दिवसांनी तीच गाडी, तोच आवाज. “मुलांना घराबाहेर सोडू नका. खिडक्या बंद ठेवा.”

झालं. त्या दिवसापासून गावाचा विश्वास जो उडाला, तो उडालाच. बाजारात कुणी विचारलं, “भाजी ताजी आहे का हो?” तर भाजीवाली म्हणे, “गाडीवाल्याला विचारा, शून्य दिवसांची आहे!” दादा रस्त्याने जाताना लोक कानांवर हात ठेवत. पुढे चौकात आकड्यांचा मोठा फलक लागला. महिन्यामहिन्याने आकडा उतरत गेला. पाच महिन्यांनी गाडी सांगत फिरली, की मुलांनी आता बाहेर खेळायला हरकत नाही. फलकाकडे कुणी मान वर करूनसुद्धा बघेना.

एका सकाळी ताईने मला कॉलेजच्या परवानगीने पिशवीत घातलं आणि दादाच्या घरी नेलं. स्वयंपाकघरात तोच विषय चालू होता.

“अगं, आता खरंच कमी झालंय,” दादा सांगत होता.

“तेव्हाही खरंच होतं,” वहिनी भांडं घासता घासता म्हणाली. “गाडीत काय बोलायचं ते बोला. इथे घर आहे.”

“मी काय मनाने सांगतो का? कागद देतात, मी वाचतो.”

“तेच तर म्हणतेय. तुम्ही फक्त वाचता.”

त्यांची लेक चिऊ, सहा वर्षांची, मागच्या खिडकीच्या काचेला नाक लावून उभी होती. तिला पाच महिन्यांत अंगण दिसलं होतं ते काचेतूनच. घरात चेंडू खेळून दोन दिवे फुटले होते. तिचं बोलणंही कमी झालं होतं. शेजारीपाजारीही तीच गत, घराघरांतून कोंडलेली पोरं. दादाच आपल्या लेकीला सोडत नाही म्हटल्यावर इतरांनी कुणाच्या भरवशावर सोडायची?

“वन्सं,” वहिनी ताईला म्हणाली, “यांचं राहू द्या. तुमचं यंत्र काय म्हणतं? ते म्हणालं, तर उद्या सोडते मी हिला.”

एवढी जबाबदारी माझ्यावर आजवर कुणी टाकली नव्हती.

ताई मला घेऊन अंगणात उतरली. मधोमध सव्वीस. झोपाळ्याखाली सत्तावीस. फाटकाशी पंचवीस. ताईचा चेहरा खुलत चालला. मग घराच्या मागच्या कोपऱ्यात, छपराची पन्हाळ जिथे उतरते तिथे तिने मला टेकवलं, आणि मला राहवेना. टकटकटकटक! एकशे नव्वद. छपरावरची सगळी धूळ पाण्याबरोबर उतरून त्या हातभर जागेत साचली होती.

ताई घाबरली. माझा आवाज बंद करायची कळ तिने झटकन फिरवली. कागदावर तिने तीन आकडे लिहिले, चौथा लिहिला नाही. तिला काय वाटलं ते मला ठाऊक आहे. वाटलं, एवढ्याशा कोपऱ्यासाठी पोरीला आणखी पाच महिने कोंडतील. उगीच कशाला घाबरवा? अगदी मायेने वाटलं. मला वाटतं, त्या पहिल्या दिवशी ज्याने ‘शून्य’ लिहिलं, त्यालाही असंच वाटलं असेल.

वहिनीने कागद वाचला. मग शांतपणे विचारलं, “आणि पन्हाळीपाशी?”

“तिथे... ते जरा वेडंवाकडं आलं. म्हणून गाळलं.”

“मी खिडकीत होते, वन्सं. ते यंत्र तिथे किंचाळलं आणि तुम्ही त्याचं तोंड दाबलंत.” वहिनीने त्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं. “तिथली माती मऊ असते. चिऊ रोज तिथेच मातीचं घर करत बसायची.”

ताई पायरीवर बसली. “माझं चुकलं, वहिनी,” ती म्हणाली. “तुम्ही घाबराल म्हणून...”

“घाबरू द्या ना! कशाला घाबरायचं ते कळलं, तर बाकीच्याला तरी घाबरणार नाही.”

इतका वेळ दारात उभा असलेला दादा खाली उतरला. त्याने ताईच्या हातातून मला घेतलं. आयुष्यात पहिल्यांदा तो एखादा आकडा कागदावरून न वाचता स्वतः बघणार होता. त्याने आवाजाची कळ पुन्हा चालू केली, मला पन्हाळीखाली धरलं आणि माझं किंचाळणं पूर्ण मिनिटभर ऐकलं.

“एकशे नव्वद,” तो म्हणाला. मोठ्याने, त्याच गाडीतल्या आवाजात. कुंपणापलीकडून दोन डोकी वर आली.

दुसऱ्याच दिवशी तो कार्यालयात अडून बसला. साहेब म्हणाले, “लोक घाबरतील.” दादा म्हणाला, “साहेब, लोक हसतायत. त्यापेक्षा घाबरलेले परवडले.” चौकातल्या फलकाच्या यंत्राशेजारी मला ठेवून बघा, असा त्याने हट्ट धरला. ठेवलं. ते सत्तावीस म्हणालं, मी सव्वीस. बिचारं ते केव्हाचं खरं बोलत होतं, आणि त्याला कुणी विचारत नव्हतं! खोटं एकदाच बोललं गेलं होतं, त्याची शिक्षा मात्र पुढचं प्रत्येक खरं भोगत होतं.

त्या शनिवारी गाडी पुन्हा निघाली. दादाच्या गल्लीच्या तोंडाशी ती थांबली. दादाच्या हातात ताईची वही होती.

“मी तोच,” तो म्हणाला. “शून्यवाला. तो आकडा चुकीचा होता आणि मी न विचारता वाचला. आज आधी वाईट ते वाचतो. पन्हाळींखालचे कोपरे वाईट आहेत, आमच्या घरी एकशे नव्वद. तिथली माती उचलायला कार्यालयाची माणसं येतील, तोवर मुलांना तिथे बसू देऊ नका. अंगणात मधोमध सव्वीस. विश्वास नसेल तर यंत्र इथेच आहे, स्वतः धरून बघा.”

गाडीपासून आधी सगळे लांब उभे राहिले. मग भाजीवाली पुढे आली. “आण इकडे. बघू तरी तुझं हे दचकणारं डबडं.” तिने मला आपल्या टोपलीवर धरलं. मिनिटभर सगळी गल्ली श्वास रोखून उभी. चोवीस. ती खिडकीत दोनदा बघून म्हणाली, “शून्य नाही आलं. म्हणजे खरं असेल.”

पन्हाळीखालची माती पिंपांत भरून नेली आणि नवी टाकली. ताईने मला पुन्हा टेकवलं, वहिनीच्या देखत, आवाज चालू ठेवून. एकतीस. वहिनीने स्वतःच्या हाताने वहीत लिहिलं, मग दाराची कडी काढली. चिऊ उंबऱ्यावर थबकली. तिने आईकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि ओरडली, “डबीला घेऊन या माझ्याबरोबर!” झोपाळ्यापर्यंत तिने मला दोन्ही हातांनी मिरवत नेलं. थोड्या वेळाने कुंपणापलीकडची दोन पोरंही आली.

आता मी म्हातारी झाले. मूठ तुटलीय, सेलच्या झाकणाला रबर लावलंय. तरी दर शनिवारी सकाळी चौकात टेबलावर बसते. लोक माती आणतात, दूध आणतात, घरचे आकडे फलकाशी ताडून बघतात, आणि अलीकडे मान वर करून फलकाकडेही बघतात. चिऊ आता एवढी उंच झालीय की ती एका हाताने मला उचलते. वहीत वाईट आकडे तीच आधी लिहिते.

माझं एकच मागणं आहे. मी टकटकले तर घाबरून माझं तोंड दाबू नका, मिनिटभर ऐका आणि मोजा. आणि कधी मी अगदीच गप्प झाले, खिडकीत छानसं शून्य दिसलं, तर हुश्श करू नका हं. सेल बघा.

टक्.