'हो' म्हणायची नोकरी

शब्दकोशाच्या कचेरीत सगळ्यांत सोपं काम कोणाचं, असं विचारलं असतं तर सगळ्यांनी उपसंपादक बाईंकडे बोट दाखवलं असतं. बाई नोंदी लिहीत, पण ते कोणाला दिसत नसे. दिसायचं ते एवढंच, की मुख्य संपादक नोंद मोठ्याने वाचतात आणि बाई 'हो' म्हणतात. 'हो' ऐकू आला की टंकलेखिका बटण दाबणार, नोंद छापखान्यात जाणार, आणि मग काना-मात्राही बदलायची नाही. हा नियम मुख्य संपादकांनी स्वतः घातला होता आणि पाहुण्यांना ते तो कौतुकाने सांगत.

मुख्य संपादक म्हणजे बाईंचे सख्खे थोरले दीर. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं! घरी पडद्यांचा रंग भाऊजी ठरवत आणि बाई मम म्हणत. कचेरीत भाऊजींचे 'सर' होत, इतकाच फरक. नवऱ्याजवळ कुरकुर केली तर तो म्हणे, "जाऊ दे ना, मोठा आहे तो." हे वाक्य कानावर पडलं की बाईंच्या डोक्यात तिडीक जाई.

आज 'उद्दाम' हा शब्द आला होता. खालच्या मजल्यावरच्या छापखान्यातल्या कामगारांनी पंखा मागितला म्हणून कचेरीचे संचालक त्यांना सगळ्यांदेखत उद्दाम म्हणाले होते. एक कामगार वर येऊन बाईंना अर्थ विचारून गेला, आणि दुसऱ्या दिवसापासून खाली सगळे एकमेकांना 'काय उद्दामराव!' अशी ऐटीत हाक मारू लागले. संचालक भडकले. भाऊजींनी लगेच पेन उचलून बाईंची नोंद खोडली आणि वर आपली लिहिली.

"उद्दाम," भाऊजींनी वाचलं. "उर्मट. वरिष्ठांचा मान न ठेवणारा."

टंकलेखिकेने बोट बटणावर नेलं, पण 'हो' आला नाही.

"ऐकू आलं ना?"

"आलं, सर. उत्पत्ती कुठे गेली?"

"जागा नाही."

"'उदबत्ती'ला अर्धं पान दिलंय आपण."

टंकलेखिकेला खोकला आला. भाऊजींनी तीच नोंद पुन्हा वाचली, जरा सावकाश, लहान मुलाला शिकवावी तशी. बाईंनी हाताची घडी घातली. त्यांना रडू येईल असं वाटत होतं आणि त्याचाच जास्त संताप येत होता. इतकी वर्षं घरात मूग गिळले ते गिळले, पण शब्दाच्या बाबतीत खोट्याला 'हो' म्हटलं की मग आपल्याजवळ उरलं काय?

"अगं, एक शब्द तो!" भाऊजींचा सर सुटला आणि दीर बाहेर आला. "त्याच्यासाठी एवढा हट्ट? माझी नोकरी टांगणीला लावायची आहे का तुला? आणि असं काय मोठं लिहून ठेवलंयस?" त्यांनी चष्मा कपाळावर ढकलला, कागद नाकाशी धरला आणि खोडलेल्या ओळी तोंड वेंगाडून, अक्षर न अक्षर वाचून दाखवल्या. "'उद्दाम. मूळ संस्कृत. उद् आणि दामन्. दामन् म्हणजे दोरी, मराठीतलं दावं. मूळ अर्थ, दावं सुटलेला, मोकळा. त्यावरून, कोणालाही न जुमानणारा. पुढे, उर्मट.' हे असलं छापायचं?"

"हो," बाई म्हणाल्या.

टंकलेखिकेने बटण दाबलं.

डोक्यावरचा पंखा गरगरत होता. इथे, वरच्या मजल्यावर, पंखा होता.

"अहो, ते वाचन नव्हतं! मी चिडवत होतो!" भाऊजी ओरडले. "परत घ्या ते!"

"मोठ्याने वाचलंत, सर. बाई हो म्हणाल्या," टंकलेखिका म्हणाली. "आता कसं परत घेऊ?"

भाऊजींनी पाहुण्यांना इतक्या वेळा सांगितलेला नियम त्यांच्याच गळ्यात पडला होता. ते लाल झाले, खाली बसले, चष्मा कपाळावरच असताना टेबलावर चष्मा शोधू लागले. शेवटी हळू आवाजात, फक्त बाईंना ऐकू जाईल असं म्हणाले, "संध्याकाळी घरी बोलू आपण. तोंड मिटून ऐकून घ्यायचंस."

सवयीने 'हो' अगदी ओठापर्यंत आला. बाईंनी तो गिळला.

"पुढचा शब्द वाचा, सर," त्या म्हणाल्या.