वाचणारीच्या वाटणीच्या विड्या

निपाणीत आमच्या गल्लीत आम्ही सहाजणी एकत्र बसून विड्या वळतो. दुपारी एकीनं वाचायचं आणि तिच्या वाटणीच्या विड्या बाकीच्यांनी वळून द्यायच्या, ही आमची रीत. बारावी झालेली मी एकटीच, त्यामुळे वाचन कायम माझ्याच गळ्यात.

त्या दिवशी सोनुबाईच्या मोबाइलवर लेख आला. सहा महिन्यांपूर्वी पुण्याच्या एक पत्रकार बाई तिला भेटून गेल्या होत्या. सोनुबाई त्यांच्याशी स्वतःबद्दल बोललीच नाही, तिच्यासोबत विड्या वळणाऱ्या मालुबाईबद्दल बोलली. चांगल्या विड्या खराब म्हणून फेकणाऱ्या कारकुनाचा हात मालुबाईनं भर कारखान्यात धरला होता. गेल्या वर्षी ती वारली. तिचं नाव कुठंतरी छापून यावं, एवढंच सोनुबाईला हवं होतं.

मी वाचायला लागले. आधी बाईंची गाडी, मग घाटातलं धुकं, मग टपरीवरचा चहा. मध्येच साबणाची जाहिरात. मग तंबाखूचा इतिहास. बोट सरकवून दमले तरी निपाणी काही येईना. इकडे माझ्यासाठी वळून वळून बायकांची बोटं दुखायला आलेली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सरळ परिच्छेदच्या परिच्छेद गाळत मी शेवट गाठला. मालुबाई दिसली नाही.

"न्हाय गं आक्का," मी म्हटलं. "घातलंच न्हाय त्यांनी."

सोनुबाईनं सुपातली पानं उगाच सारखी केली. आपल्याच सांगण्यात काहीतरी कमी पडलं असणार, असं म्हणाली आणि पुन्हा कामाला लागली.

मला त्या बाईंचा असा राग आला, की चार शब्द सुनावावेत म्हणून संध्याकाळी घरी मी लेख पुन्हा उघडला. या खेपेला ओळ न् ओळ वाचली. तंबाखूच्या इतिहासाच्या पोटातच मालुबाई होती. तिचं नाव, तिचं गाव सदलगा, धरलेला हात, सगळं होतं. सोनुबाईचे शब्दसुद्धा जसेच्या तसे होते. लेख पाल्हाळिक होता हे खरं, पण खोटं मी बोलले होते.

तशीच सोनुबाईकडे गेले. दुपारी मधलं गाळून वाचलं होतं, हे सांगून टाकलं. ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं नुसता गॅस बंद केला आणि समोर येऊन बसली.

"लई लांबलंय आक्का," मी म्हटलं. "थेट मालुबाईपास्नंच वाचू?"

"न्हाय गं," ती म्हणाली. "पयल्यापास्नं वाच. ती येईपतूर मला वाट बघू दे."