कोऱ्या द्रावणाचा डोंगर

जळगावच्या महाविद्यालयातील प्रयोगशाळेत आलेखाची लेखणी दुसऱ्यांदा त्याच जागी डोंगरासारखी चढली, आणि अभिमन चरकला. कारण या खेपेस बारीक कणांनी भरलेल्या काचेच्या स्तंभात चाऱ्याचा अर्क घातलेलाच नव्हता. नुसते स्तंभ धुण्याचे कोरे द्रावण सोडले होते.

त्याचे काका तोतारामआबा यांचे दोन बैल तडफडून मेले होते. शेजारच्या चिंधाने चाऱ्यात एरंडाचे विष कालवले, असा आबांचा संशय. अभिमनने त्या चाऱ्याचा अर्क काल स्तंभातून गाळला. द्रावणातील मीठ वाढवत नेताच डोंगर उमटला. “विषच आहे, आबा,” असे तो सकाळी बोलून गेला, आणि आबा गावी परतायला एरंडोलच्या मोटारीत बसले.

उन्हाळ्यात द्रावणाला बुरशी धरू नये म्हणून त्याने स्वहस्ते त्यात बेंझोएट मिसळले होते. ऋणभाराचे ते द्रव्य स्तंभातील धनभारित कणांना थेंबाथेंबाने चिकटून साठत राहिले, आणि मिठाचा जोर चढताच एकदम बाहेर लोटले; डोंगर त्याचा होता, विषाचा नव्हे. मार्जनाचे जळच मलिन निघाले होते.

तो धावतपळत आबांच्या खळ्यात पोहोचला तेव्हा चिंधा तिवड्याला, खळ्यातल्या मधल्या खांबाला, बांधलेला होता. दोन दात मातीत पडले होते. डावे मनगट मोडून लोंबत होते.

“बोल, इख कोठून लयना?” आबांच्या हाती कुऱ्हाड होती.

चिंधा रक्त थुंकला. “मना घरमा एरंडना दाना नही शे, आबा! दिवाबी घासलेटवर लावस मी.”

“आबा, थांबा!” अभिमन ओरडला. “चाऱ्यात विष दिसलंच नाही. तो डोंगर माझ्या द्रावणाचा होता!”

“सकायले शे म्हने, आते नही म्हनस? शिकेल मानुसनी जीभ शे का बैलनी शेपटी?”

कुऱ्हाड उचलली गेली. अभिमनने उजवा हात आडवा घातला. पाते कोपराखाली हाडापर्यंत रुतले. पुतण्याचे रक्त तोंडावर उडाले, तेव्हा कुठे आबांची मूठ सैल झाली.

अभिमन डाव्या हाताने चिंधाची दोरी सोडू लागला. धावत आलेल्या चिंधाच्या बायकोने, भिकुबाईने, तो हात झिडकारला.

“ऱ्हाऊ दे, भाऊ. तुमना हातले जेवढं करनं व्हतं, तेवढं करी टाकं.”

स्वतःच दोरी सोडून, नवऱ्याला खांद्यावर घेऊन ती निघून गेली. आबा रिकाम्या गोठ्याकडे पाहत होते.

“मंग मना बैल कसाघाई मरनात?”

“ते मला सकाळीही ठाऊक नव्हतं, आबा,” अभिमन म्हणाला.